खिडकीतले झाकण

मित्रांनो, पातेल्याला तर सगळेच ओळखतात. आमच्या जेवणघरात येणारा प्रत्येक जण दारातून पाऊल आत टाकताच आधी पातेल्याकडे पाहतो, मग आचाऱ्याकडे आणि मग आपल्या हातातल्या वाडग्याकडे. माझ्याकडे कोणी पाहत नाही, आणि पाहिलेच तर तोंड वाकडे करतो. मी त्याच पातेल्याचे जुने झाकण आहे. आज मी माझी हकिगत सांगणार आहे. आधीच कबूल करते, की तिच्यात माझे कौतुक करावे असे फारसे काही नाही. मी आयुष्यभर हेवा करत आले आणि त्या हेव्यापायी माझ्या हातून एक वाईट गोष्ट घडली. ती मी लपवणार नाही. लपवणे हाच माझा धंदा असला, तरी.

आम्ही दोघे एकाच पितळी पत्र्यातून निघालो. आम्हाला घडवणारा कारागीर हाताचा पक्का होता. पातेल्यासाठी त्याने अकरा दिवस घातले. ठोके देऊन देऊन त्याचे पोट गोल केले, काठ वळवले, दोन्ही बाजूंना भक्कम कड्या बसवल्या आणि काम झाल्यावर शेजारपाजाऱ्यांना बोलावून दाखवले. मला त्याने उरलेल्या पत्र्यातून एका दुपारी कापून काढले, तेही चहा पिता पिता. माझी मूठ तर एका मोडक्या किटलीची आहे. त्याची बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "एवढं कशाला करत बसलात? वर एखादं ताट ठेवलं असतं तरी भागलं असतं." जन्मल्यावर माझ्या कानांवर पडलेले हे पहिले शब्द. थोरल्याचे लाड आणि धाकट्याला थोरल्याचे उतरलेले कपडे, असे घराघरांत चालते. मला उतरलेले कपडेही मिळाले नाहीत, उरलेला पत्रा मिळाला.

पहिली चौदा वर्षे आम्ही काचेच्या बाटल्या बनवणाऱ्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये काढली. भट्टीपुढे घामाघूम झालेले कामगार पाळी संपली की यायचे आणि पातेल्यावर थाप मारून विचारायचे, "काय दादा, आज काय विशेष?" पातेल्याला दादा म्हणत! मला कोणी ताई म्हटले नाही की माई म्हटले नाही. दर चार महिन्यांनी कल्हईवाला यायचा आणि पातेले आतून लखलखीत करून जायचा. एकदा त्याने आपण होऊन विचारले, "झाकणाला पण करायची का?" आचारी म्हणाला, "त्याला कशाला? ते कुठं काही शिजवतंय!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. वाफ अडवायची मी, चटके सोसायचे मी, अन्नाचा वास जपून ठेवायचा मी, आणि 'वा, आज झकास झालंय' ही शाबासकी मात्र त्या ढेरपोट्याला.

मग कारखाना बंद पडला. भंगारवाला हातगाडी घेऊन आला, तेव्हा आचाऱ्याने पातेले छातीशी धरले आणि म्हणाला, "हे नाही देणार." पातेले रिक्षात बसून त्याच्या घरी गेले. मी कँटीनच्या भिंतीला टेकून तसेच उभे होते. दुसऱ्या दिवशी दुपारी आचाऱ्याला माझी आठवण झाली आणि तो मला न्यायला आला. तोवर मी भंगाराच्या ढिगात, एका फुटक्या बादलीच्या मांडीवर पडले होते. ते मी अजून विसरलेले नाही.

कारखान्यामागून शहरातले बरेच काही बंद होत गेले. खोकी बनवणाऱ्यांचे काम गेले, माल वाहणाऱ्यांचे गेले, कामगारांचे कपडे शिवणाऱ्यांचे गेले. जी माणसे कँटीनमध्ये ऐटीत जेवत, ती आता दुपारी पाणी पिऊन वेळ काढू लागली. भुकेला माणूस ओळखायला मी शिकले आहे. तो अधाशासारखा खात नाही. पहिले दोन घास तो अगदी सावकाश खातो, कारण कोणीतरी बघत असेल असे त्याला वाटते. तिसऱ्या घासापासून मग हात त्याला आवरत नाही.

अशी माणसे पाहून आचाऱ्याला चैन पडेना. त्याने चार ओळखीच्यांना गोळा केले, एका धान्याच्या व्यापाऱ्याने आठवड्याला चार पोती डाळ-बटाटे पाठवायचे कबूल केले आणि एका बंद पडलेल्या लॉन्ड्रीच्या खोलीत मोफत जेवणघर सुरू झाले. खोली लांबट आहे. भिंतींना पांढऱ्या फरश्या, जमिनीत पाणी वाहून जाण्यासाठी नाली आणि रस्त्याच्या बाजूला एक भली मोठी काचेची खिडकी. तिच्यात पूर्वी धुतलेले कोट टांगलेले असत. खिडकीशी इस्त्रीचा दगडी ओटा होता. त्यावर शेगडी मांडली आणि शेगडीवर अर्थातच पातेलेराव विराजमान झाले. रोज दुपारी डाळ, बटाटे आणि गाजरे घालून दाट कढण शिजू लागले. एका वेळी चाळीस माणसे बसत. एक फेरी उठली की वाडगे धुवायचे आणि दुसरी फेरी बसवायची. अशा रोज चार फेऱ्या होत.

एकदा वर्तमानपत्रवाले येऊन फोटो काढून गेले. 'शहराची भूक भागवणारे पातेले' असा मथळा होता. फोटोत आचारी होता, वाडगे होते, मधोमध पातेले होते आणि अगदी कडेला दोन बोटे माझी कड होती. आचाऱ्याने ते कात्रण माझ्या समोरच्याच भिंतीवर चिकटवले. म्हणजे मला ते रोज बघायला मिळावे अशी सोय झाली.

पण खरे दुखणे पुढेच आहे. जेवणघर सुरू होऊन महिना झाला असेल. एक जुना भट्टीकामगार उशिरा आला आणि आचारी त्याला सगळ्यांदेखत म्हणाला, "संपलं हो." तो माणूस हसला. "असू दे, असू दे. मला तशी भूक नव्हतीच," असे म्हणून निघून गेला आणि पुन्हा कधी आला नाही. आचारी त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने नियम केला, की आपल्या जेवणघरात कोणाला तोंडावर 'नाही' म्हणायचे नाही. पातेले उघडे आहे तोवर जेवण आहे. संपले की पातेल्यावर झाकण ठेवायचे. खिडकीतून ते थेट कोपऱ्यापर्यंत दिसते. ज्याला समजायचे तो लांबूनच समजेल आणि आपल्या वाटेने जाईल. दारापर्यंत येऊन मान खाली घालायला नको.

नियम चांगला होता. पण मित्रांनो, माझा विचार कोणी केला? 'या, बसा' म्हणायचे काम पातेल्याचे आणि 'नाही' म्हणायचे काम माझे! मी ओट्यावर चढले की कोपऱ्यावरच्या माणसांचे चेहरे पडायचे. मी उतरले की खुलायचे. एखादी आई लेकराचा हात ओढून म्हणायची, "चल बाळा, झाकण पडलं," आणि माझ्याकडे अशा नजरेने बघायची, की तशी नजर वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. नावडतीचे मीठ अळणी म्हणतात. मी तर नावडतीच्याही पलीकडचे झाले.

रांग सांभाळायला एक निवृत्त बस कंडक्टर होते. सगळे त्यांना कंडक्टरमामा म्हणत. ते रांगेच्या शेपटाशी, कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानापाशी उभे राहत. "पुढे सरका, आत जागा आहे! धक्का देणाऱ्याला मधल्याच स्टॉपवर उतरवीन!" अशी त्यांची बडबड चालू असे, आणि रिकाम्या पोटीही माणसे हसत. त्यांचे स्वतःचे जेवण पहिल्या फेरीत उरकलेले असे. खिडकीत मी दिसले की ते दोनदा टाळी वाजवत, "गाडी भरली, मंडळी. उद्या लवकर या," असे म्हणत आणि तिथूनच आपल्या घरी जात.

रांगेत शेवटी शेवटी एक शिंपीणबाई यायच्या. कामगारांचे गणवेश शिवून त्यांनी संसार ओढला होता. आता त्यांना लांबचे दिसे, पण जवळचे दिसेनासे झाले होते. सुईत दोरा ओवता येत नव्हता. तरी सकाळभर त्या दुकानादुकानांतून काम विचारत फिरत आणि मग इकडे येत. घरी त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. स्वतः वाडगाभर खाऊन त्या डब्यात सासूबाईंचे कढण नेत. सासूबाई जिभेच्या तिखट. खाऊन झाले की नाव ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, आणि शिंपीणबाई ते आचाऱ्याला हसत हसत येऊन सांगत.

"काल म्हणाल्या, मीठ घालणाऱ्याचा हात आखडलाय."

"त्यांना म्हणावं, उद्या मुठीनं घालतो," आचारी म्हणायचा.

कोणाकडे काही मागायची शिंपीणबाईंना सवय नव्हती. त्या कोपऱ्यावर थांबून खिडकीकडे बघत. पातेले उघडे दिसले तरच पुढे येत. आमच्या नियमामुळे त्यांना कधी तोंड उघडून मागावे लागले नव्हते.

गेल्या हिवाळ्यात आचाऱ्याचा उजवा हात भाजला. पट्टी बांधून तो मागच्या खोलीत डाव्या हाताने डाळ निवडत बसू लागला, आणि त्याच्या जागी पुढचे वाढणे-धुणे एकटीने सांभाळायला इस्पितळातल्या एक परिचारिका चार दिवसांची रजा काढून आल्या. त्यांना सगळे सिस्टर म्हणत. बाई कष्टाळू, मायाळू, पण स्वच्छतेच्या बाबतीत एकदम कडक. पहिल्याच दिवशी दुसरी फेरी उठली आणि वाडगे धुवायला घेण्याआधी त्यांनी उघड्या पातेल्याकडे पाहून कपाळाला आठ्या घातल्या. "अन्न असं उघडं ठेवतात का? धूळ पडतेय, निवतंय." असे म्हणून त्यांनी मला उचलले, स्वच्छ फडक्याने पुसले आणि पातेल्यावर ठेवले.

कुठल्याही दुसऱ्या स्वयंपाकघरात शहाण्या माणसाने हेच केले असते. आमच्याकडचा नियम त्यांना कोणी सांगितलाच नव्हता. इतकी वर्षे तो सगळ्यांच्या अंगवळणी पडला होता, की तो नव्या माणसाला सांगावा लागतो, हेच कोणाच्या ध्यानात आले नाही.

आणि मी? मी हरखून गेले होते. मला फडक्याने पुसले होते! ऐन जेवणाच्या वेळी, अर्ध्या भरलेल्या पातेल्याच्या उरावर, मी खिडकीत बसले होते. बाहेर कंडक्टरमामांच्या दोन टाळ्या वाजल्या. रांग मोडली. माणसे पाठ फिरवून जाऊ लागली. मला सगळे दिसत होते आणि सगळे कळत होते.

शेगडी मंद पेटलेली होती. वाफ मला खालून ढकलत होती. अशा वेळी झाकण खडखडते. तो आमचा धर्मच आहे. मी खडखडले की आचारी हातातले काम टाकून धावत येतो, हे मला ठाऊक होते. तो आला असता तर त्याला एका नजरेत सारे उमगले असते. पण मी हट्टाने घट्ट बसून राहिले. कशासाठी? तर पातेले भरलेले राहावे म्हणून. एकदा तरी त्याचे कढण कोणी चाखू नये, एकदा तरी त्याला पाहून कोणाचा चेहरा खुलू नये, नकोसे होणे म्हणजे काय ते त्यालाही एकदा कळावे, म्हणून. कोपऱ्यावर शिंपीणबाई आल्या. त्यांनी खिडकीकडे पाहिले, मला ओळखले, हातातला डबा शालीखाली घेतला आणि त्या वळल्या. तरीही मी खडखडले नाही.

वाडगे धुऊन सिस्टर दारात आल्या तर रस्ता रिकामा. "काका, आज माणसं निम्मीच आली," त्यांनी आचाऱ्याला सांगितले.

आचारी आधी चकित झाला आणि मग त्याचा चेहरा उजळला. "निम्मी? म्हणजे कुठंतरी काम निघालं असेल. चुली पेटल्या असतील. चांगलंच आहे की!"

उरलेले कढण शेजारच्या गवळ्याने जनावरांसाठी बादल्यांतून नेले. दुसऱ्या दिवशीही तेच झाले. संध्याकाळी धान्याचा व्यापारी आला. माणसे निम्म्यावर आली आहेत हे ऐकून तो म्हणाला, "मग चार पोती कशाला? सोमवारपासून दोनच पाठवतो. आणि एवढं थोरलं भांडं तरी कशाला पेटवता? माझ्याकडे एक लहान पातेलं पडून आहे, ते घेऊन जा." आचारी सरळ माणूस. गरज नसताना घ्यायचे कसे, म्हणून तो हो म्हणाला.

मित्रांनो, मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! पातेलेराव माळ्यावर जाणार! दादा म्हणणारे, थापा मारणारे, फोटो काढणारे आता बघू काय करतात! हा आनंद मी तासभर चघळला. मग माझ्या ध्यानात आले, की लहान पातेले येईल ते आपले झाकण घेऊन येईल. आपले नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणे म्हणतात ते हेच. तरीसुद्धा, खरे सांगते, मला फक्त माझीच काळजी वाटली. त्या दोन दिवसांत परत गेलेल्या दीडशे माणसांची आठवणही झाली नाही.

तिसऱ्या दिवशी बाहेर गारठा असा होता, की खिडकीच्या काचेवर बाष्प साचत होते आणि सिस्टर ते पुन्हा पुन्हा पुसत होत्या. दुसरी फेरी उठली. मला पातेल्यावर ठेवले. टाळ्या वाजल्या. माणसे गेली, कंडक्टरमामाही गेले. शिंपीणबाई मात्र गेल्या नाहीत. त्या चष्म्याच्या दुकानाच्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या. रस्ता पार रिकामा झाल्यावर त्या एकेक पाऊल टाकत आमच्या दाराशी आल्या. आत गवळी दोन्ही बादल्या पुढ्यात ठेवून वाट बघत बसला होता.

शिंपीणबाई उंबऱ्यात थांबल्या. डबा त्यांनी शालीखालून बाहेर काढला.

"बाई, संपलंय ते दिसतंय मला," त्या सिस्टरना म्हणाल्या. "एक विचारू का? पातेलं आता घासायलाच टाकाल ना? मी देते घासून. तळाला चिकटलेलं तेवढं खरवडून नेते. मला नको हो. सासूबाई आहेत घरी. तीन दिवस चहाच्या पाण्यावर ठेवलंय त्यांना. रोज सांगते, मी पोचेपर्यंत संपलं म्हणून."

"संपलं? काय संपलं?" असे म्हणत सिस्टरनी मला उचलले.

वाफेचा लोट उठला. खाली अर्धे पातेले कढण होते. वर बटाट्याच्या फोडी तरंगत होत्या. शिंपीणबाईंनी त्या कढणाकडे पाहिले. मग गवळ्याच्या बादल्यांकडे पाहिले.

"म्हणजे होतं?" त्या म्हणाल्या.

सिस्टरनी होकारार्थी मान हलवली.

"कालही होतं? परवाही?"

आवाज ऐकून आचारी मागच्या खोलीतून आला. त्याने सिस्टरच्या हातातल्या मला पाहिले, खिडकीकडे पाहिले आणि कपाळावर हात मारला. "सिस्टर, झाकण संपल्यावर ठेवायचं असतं हो," तो कसाबसा म्हणाला. "लोकांना तोच इशारा असतो."

"मला कुणी सांगितलं नाही," सिस्टरचा आवाज अगदी लहान झाला. "धूळ पडू नये म्हणून मी..."

"तुमची चूक नाही. माझी आहे. मी नियम करून मोकळा झालो."

चूक माझी होती, मित्रांनो. पण मला कोण विचारतो?

सिस्टरनी डबा काठोकाठ भरला. त्यांनी शिंपीणबाईंना बसून खायचा आग्रह केला. त्या बसल्या नाहीत. "निवेल," एवढेच म्हणून डबा छातीशी धरून त्या झपझप निघाल्या.

गवळ्याने धावत जाऊन कंडक्टरमामांना बोलावून आणले. सगळे ऐकल्यावर ते आपल्या दोन्ही तळहातांकडे बघत राहिले. "मी टाळ्या वाजवल्या," ते म्हणाले. "माझ्या हातांनी घरी धाडली माणसं." मग एकदम उठले. "चला, उठा. माणसं गाडीला येत नसतील तर गाडी माणसांकडे नेऊ." गवळ्याने बादल्या बाजूला केल्या आणि आपली दुधाची हातगाडी दाराशी लावली. पातेले गाडीवर चढले, त्यावर मी, आणि आमची वरात गल्लीबोळांतून निघाली.

पण एकही दार उघडेना. लोक खिडकीतून बघत आणि मागे होत. पातेल्यावर झाकण होते ना! रिकामे भांडे कुठेतरी चालले आहे, असे त्यांना वाटत होते. तीन गल्ल्या अशाच गेल्या. मग कंडक्टरमामांनी माझी मूठ धरून मला उचलले आणि हातातल्या डावाने माझ्यावर दणादण ठोके घालायला सुरुवात केली. "आहे! जेवण आहे! संपलं नव्हतं, मंडळी, आमचं चुकलं!"

प्रत्येक ठोक्याला मला पोचा येत होता. कडेपासून मुठीपर्यंत अंग झिणझिणत होते. पण तो आवाज माझा होता. जन्मात पहिल्यांदा मी 'आहे' म्हणत होते. दारे उघडली. वाडगे, डबे, तांब्ये, जे हाताला लागेल ते घेऊन माणसे बाहेर आली. आणि काय ओरडत आली, माहीत आहे? "पातेलं आलं! पातेलं आलं!" बोंबलून बोंबलून घसा माझा बसला आणि नाव पुन्हा त्याचेच. मला त्या घटकेलाही हेवा वाटला. हा स्वभाव आता जायचा नाही.

व्यापाऱ्याला निरोप गेला आणि चार पोती पूर्ववत येऊ लागली. आता नव्या माणसाला कामाच्या आधी माझी ओळख करून देतात. कंडक्टरमामा टाळी वाजवण्यापूर्वी आत येऊन स्वतःच्या डोळ्यांनी पातेल्यात पाहतात. परत गेलेल्यांपैकी बरीच माणसे पुन्हा येऊ लागली. काही आली नाहीत. ती शहर सोडून गेली, की त्यांनी आमची आशा सोडली, हे मला कळायला मार्ग नाही. खिडकीतून जेवढे दिसते तेवढेच मला कळते.

शिंपीणबाई दुसऱ्या दिवशी आल्या, तेव्हा आचाऱ्याने विचारले, "काय म्हणाल्या सासूबाई?"

"काही नाही म्हणाल्या," त्या म्हणाल्या. "नुसतं खाल्लं."

त्या आता रोज येतात. पण कोपऱ्यावर थांबत नाहीत आणि खिडकीकडे बघत नाहीत. सरळ दारात येतात, चाळीस माणसांसमोर उभ्या राहतात आणि विचारतात, "आहे का?" पातेले त्यांच्या डोळ्यांसमोर उघडे असते, वाफ निघत असते, तरी विचारतात. सुरुवातीला एकदा आचारी म्हणाला, "वहिनी, उघडंच आहे की. या ना, बसा."

त्या म्हणाल्या, "असेल हो. पण मी आता विचारूनच घेते. ते झाकण तीन दिवस खोटं बोललं."

ओट्याखाली मी ते ऐकले. चोवीस वर्षांत माझ्याविषयी कोणी एवढे स्पष्ट बोलले नव्हते, आणि ते खरे होते. नाही म्हणण्याचे काम मला नकोसे वाटत होते. पण त्या कामामुळेच एका बाईला मागावे लागत नव्हते. ते माझे मोठेपण होते आणि मला ते कधी दिसले नाही, कारण माझी नजर सदान्‌कदा पातेल्यावर. आता तिला रोज मागावे लागते, आणि पोचे काढता येतात तसे हे काढता येत नाही.

म्हणून मित्रांनो, एवढीच विनवणी आहे. कशावरही झाकण ठेवण्याआधी आत डोकावून बघा. घरात नवा माणूस आला तर आपल्या रीती त्याला तोंडाने सांगा. आणि कोणी दाराशी मागायला आले नाही, म्हणजे कोणी उपाशी नाही, असे समजून आनंद करू नका. कोपऱ्यापर्यंत जाऊन बघा.

दुसरी फेरी उठली आहे. वाडगे धुतले जात आहेत. दारात शिंपीणबाई येऊन उभ्या आहेत, डबा हातात आहे, सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या आहेत. आता त्या विचारतील.